आधी श्वास, मग अर्ज

शुक्रवार, महाड

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि तिथून महाड. बरोबर आत्या. ती दापोलीची. सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून अख्खी नोकरी कोकणात केली, निवृत्त झाल्यावर इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून रोज पहाटे तासभर ध्यानाला बसते. मी पुण्यात समुपदेशक आहे. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांचं ऐकून घेणं, पोलीस चौकीत आणि कोर्टात सोबत जाणं हे माझं काम. दिवाळीपासून माझी झोप उडाली होती. दिवसा ऐकलेलं रात्रीही कानात चालू राहायचं. आत्या डोळे दाखवायला पुण्यात आली होती. माझा चेहरा बघून परत निघताना म्हणाली, "मला सोडायला चल. पण सरळ नाही जायचं, फिरत जाऊ. आणि दापोलीला टाकून पळायचं नाही गो, रत्नागिरीपर्यंत जाऊन येऊ."

एक प्रश्न मी सोबत घेऊनच निघाले. समाजाचं काम करणाऱ्या माणसानं स्वतःच्या मनाकडे बघत बसावं का? आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकांत ध्यानाचं नाव काढलं की नाकं मुरडली जातात, ती पळवाट वाटते. ध्यानाच्या मंडळींत गेलं की, आधी स्वतःला बदला, जग आपोआप बदलेल, असं ऐकायला मिळतं. मला दोन्ही पटत नाही. समोर बसलेली बाई माझ्या मनःशांतीमुळे नवऱ्याच्या मारातून सुटत नाही. माझं मन ठिकाणावर नसेल तर तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नाही, हेही तितकंच खरं.

चवदार तळं गावाच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी रस्ते, घरं, दुकानं. दुपारची वेळ, एक माणूस सायकल टेकवून पायऱ्यांवर डबा खात बसला होता. १९२३ साली मुंबई विधिमंडळानं रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर पुढे आणि मागे हजारो माणसं, असा मोर्चा शिस्तीत चालत तळ्यावर आला आणि ओंजळीनं पाणी प्याला.

एवढं आपण शाळेत शिकतो. मी पायऱ्यांवर बसून विचार करत होते तो त्यानंतरच्या काही तासांचा. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांच्या बाजूला फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. हात उचलायचं त्यांच्या मनात आलं असतं तर महाडमध्ये रक्तपात झाला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. राग त्यांनी गिळून टाकलेला नव्हता. त्याच रागातून २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, त्याच रागानं पुढे दहा वर्षं कोर्टात दावा लढवला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं मिळवला. आतला राग ओळखायचा, त्याला लगाम घालायचा आणि नेमका कुठे वापरायचा ते ठरवायचं. मनाची याहून मोठी कसरत मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या परिषदेत पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागून खाऊ नका, असंही सांगितलं गेलं. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, घोट्यापर्यंत नेसा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कितीतरी जणी तशा नेसून आल्या. आपण कमी आहोत ही समजूत अंगावर कुठे कुठे बसली आहे, ते एकेक करून शोधणं चालू होतं. तळ्याचं पाणी आणि लुगड्याचा काठ, दोन्ही एकाच चळवळीत.

आत्या पायरीवर बसून डोळे मिटून होती. उठली आणि म्हणाली, "तहान लागलेली असताना समोर पाणी दिसावं आणि घेता येऊ नये. हे नुसतं डोळे मिटून बघ एकदा अंगात आणून."

शनिवार, पालगड आणि मुरूड

महाडहून मंडणगडकडे. आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावाची पाटी लागली, पण आत्याला ऊन व्हायच्या आत पालगडला पोचायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबा मोहोरलेला, गाडीच्या काचा खाली केल्या की आधी मोहोराचा वास आणि पाठोपाठ फवारणीच्या औषधाचा.

पालगड हे साने गुरुजींचं गाव. त्यांचं घर आता स्मारक म्हणून जपलेलं आहे. ठेंगणं, स्वच्छ, सारवणाच्या वासाचं. आम्ही शिरलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. गुरुजींचा जन्म इथला, २४ डिसेंबर १८९९ चा. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले आणि दार उघडलं. गांधीहत्येनंतर त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

हे शेवटचं वाक्य आपण मराठी माणसं हळू आवाजात बोलतो, बऱ्याचदा बोलतच नाही. मला ते इथे, त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून, मोठ्यानं बोलावंसं वाटलं. एखाद्या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे बाहेरून सांगण्याचा अधिकार मला नाही, मी ते करणारही नाही. पण एवढं दिसतं की ज्यांना दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या कातडीवर जाणवतं, ती माणसं त्या दुःखासकट एकटी पडू शकतात. आम्ही अशा माणसांचा गौरव करतो, त्यांच्याकडून आणखी मागतो, आणि त्यांना झोप लागते का हे विचारायचं राहून जातं. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे ही चौकशी कामाचा भाग असायला हवी. आठवड्यातून एकदा कुणीतरी माझंही ऐकून घ्यावं, अवघड प्रकरणानंतर एक दिवस रिकामा मिळावा, हे लाड नव्हेत. ज्याला कुणाला आत काळोख दाटल्यासारखं वाटत असेल त्यानं १४४१६ या नंबरवर फोन करावा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, ती चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आत्यानं माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मुरूडला. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून आखल्यासारखा सरळ गेलेला रस्ता, शेवटी समुद्र. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला, त्याच गावानं. तरी कर्वे गावाला शिव्याशाप देत फिरले नाहीत. पुण्यात गणित शिकवत राहिले, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, हिंगण्याच्या माळावर झोपडीपासून सुरुवात केली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभरीचे होते. मुळात अतिशय बुजरा माणूस. मला त्यांच्याबद्दल ओढ वाटते ती यामुळे की त्यांनी अपमान मनात धरून ठेवण्यात ताकद घालवली नाही, ती सगळी कामात घातली. अर्थात त्यांच्या घरातल्या बाईनं, म्हणजे पुढे बाया कर्वे झालेल्या गोदूबाईंनी, किती सोसलं याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

रात्री आत्याच्या घरी कुळथाचं पिठलं आणि भात. झोप बरी लागली.

रविवार, बंदर

गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येईल त्यात बायकांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी आहेत. दापोली तालुक्यातलं एक मासेमारीचं गाव, एवढं पुरे.

वारा होता, होड्या बंदरातच डोलत होत्या, त्यामुळे मासळी विकणाऱ्या बायकांना सवड होती. आत्या इथे दर आठवड्याला येते. तिच्या ओळखीच्या आशाताईनं शाळेची खोली उघडून घेतली होती. पंधरावीस जणी आल्या. कोळणी होत्या, दालदी या मासेमार समाजातल्या मुसलमान बायका होत्या, सुकी मासळी विकणाऱ्या दोघी म्हाताऱ्या होत्या. बाकं भिंतीकडे सरकवली आणि सगळ्या सतरंजीवर बसल्या. फळ्यावर शुक्रवारचे पाढे तसेच होते.

आत्याची पद्धत साधी आहे. ती विपश्यना शिकवत नाही, तो तिचा अधिकारही नाही असं ती स्वतःच सांगते. ती फक्त श्वासाकडे लक्ष द्यायला लावते. "श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. येतोय, जातोय. नाकाशी बघा. मन पळालं की रागवू नका, परत आणा. डोळे मिटल्यावर कुणाला भीती वाटली, काही नको ते आठवायला लागलं, तर खुशाल डोळे उघडा आणि खिडकीतून समुद्राकडे बघत बसा. तेही चालतं." ही शेवटची सूचना मला फार मोलाची वाटली. ज्यांनी घरात किंवा बाहेर अत्याचार सोसले आहेत त्यांना गप्प बसवून डोळे मिटायला लावलं तर जुनं सगळं अंगावर येऊ शकतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी सरसकट ध्यान सांगत नाही ते म्हणूनच. अशा वेळी आधी बोलायला माणूस लागतं.

पहिली काही मिनिटं चुळबुळ, बांगड्यांचा आवाज, हसू. एक म्हातारी बसल्या बसल्या घोरायला लागली, तिला कुणी उठवलं नाही. मग हळूहळू खोली निवली. माझ्या शेजारी एक तरुण कोळीण होती, हिरवं लुगडं, हाताच्या बोटांवर बर्फानं आणि काट्यांनी पडलेल्या भेगा, त्यांत हळद भरलेली. ती बोटं गुडघ्यावर ताठ होती. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ती सैल झाली होती, तळवे उताणे.

उठायच्या आधी आत्यानं आणखी एक गोष्ट करायला सांगितली. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत जायचं आणि जिथे दुखतंय तिथे हात ठेवायचा. बोलायचं नाही, फक्त हात. कुणी डोक्याला हात लावला, कुणी गुडघ्याला, बऱ्याच जणींनी कंबरेला. आणि मग एकेक हात ओटीपोटाकडे गेला. आधी दोघींचा, मग पाच-सहा जणींचा. डोळे मिटलेले असल्यामुळे कुणाला दुसरीचा हात दिसत नव्हता. आत्याला आणि मला दिसत होता.

डोळे उघडल्यावर आत्यानं विचारलं, "ओटीपोटाला काय होतंय?" कुणी बोलेना. मग ती हिरव्या लुगड्यातली म्हणाली, "उन्हाळी लागते. लघवीला आग होते. सारखीच." दुसरी लगेच म्हणाली, "माका पण. मी समजले उष्णता असेल माझी." तिसरीनं डॉक्टरच्या गोळ्या सांगितल्या, चौथीनं सब्जाचं पाणी. आत्यानं शांतपणे विचारलं, "बंदरावर असताना पाणी किती पिता?" आणि गाठ सुटली. पहाटेपासून दुपारपर्यंत, कधी संध्याकाळच्या लिलावापर्यंत, बायका पाण्याचा घोट घेत नाहीत. चहासुद्धा नको म्हणतात. कारण मग जायचं कुठे? पुरुष कुठल्यातरी होडीच्या आडोशाला उभे राहतात. बायकांसाठी काही नाही. पाळीच्या दिवसांत तर काही जणी बंदरावर येतच नाहीत आणि त्या दिवसांची कमाई बुडते.

वर्षानुवर्षं एका रांगेत, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, मासळीचे वाटे लावून बसणाऱ्या या बायका. दर, उधारी, पोरांची लग्नं, सगळं बोलतात. पण हे प्रत्येकीला आपलं एकटीचं दुखणं वाटत होतं, आपल्याच अंगात उष्णता आहे असं. जरा वेळ शांत बसून स्वतःच्या अंगाकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं की हे दुखणं अंगातलं नाही, बंदरातलं आहे.

प्रवासात मला उमगलेलं सगळ्यात महत्त्वाचं ते हेच. स्वतःकडे लक्ष देणं आणि समाज बदलणं या दोन गोष्टी आपण विनाकारण वेगळ्या ठेवल्या आहेत. दुखऱ्या जागेवर लक्ष गेल्याशिवाय मागणी काय करायची तेच कळत नाही, आणि मागणी केल्याशिवाय ती जागा बरी होत नाही. आत्यानं त्यांना गोळ्या दिल्या असत्या तर आठवडाभर बरं वाटलं असतं. नुसतं ध्यान शिकवलं असतं तर कदाचित ती जळजळ सोसायची ताकद वाढली असती, आणि त्यात मला धोका दिसतो. सोसायला शिकवणारी शांतता बायकांना पिढ्यान्‌पिढ्या पुरेशी शिकवलेली आहे.

पुढचा तासभर खोलीत नुसता कल्ला. बंदरावर बायकांसाठी संडास हवा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा, कुणाच्या नावानं? जागा कुठली? पाणी कोण भरणार, साफ कोण ठेवणार? "बांधतील आणि कुलूप लावून ठेवतील," ही शंका एका म्हातारीची, आणि ती अगदी रास्त होती. मी त्यांना महिला सभेबद्दल सांगितलं. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे झालेले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. १ मेच्या ग्रामसभेला अजून वेळ होता. अनेकींना अशी सभा असते हेच ठाऊक नव्हतं. साफसफाईचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र खोली गप्प झाली. ते काम कुणाच्या वाट्याला टाकलं जाणार हे प्रत्येकीला माहीत होतं. शेवटी एक दालदी बाई म्हणाली, "पाळी लावू या. आठवड्याला दोघी. माझी पहिली लावा." त्यावरून वाद झाला, सगळ्यांना ते पटलं नाही, तो मुद्दा तसाच राहिला.

निघताना हिरव्या लुगड्यातलीनं सुकी करंदी पुडीत बांधून दिली. पैसे घेईना.

सोमवार, दाभोळ ते रत्नागिरी

दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली, वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे. गुहागरला थांबलो नाही. तवसाळहून पुन्हा फेरीबोट, पलीकडे जयगड. मग गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. वाटेत एका रिसॉर्टचा मोठा फलक, समुद्राकडे तोंड करून बसलेली गोरीपान बाई आणि खाली 'माइंडफुलनेस वीकेंड'. दोन रात्रींचा दर बंदरावरच्या बाईची महिन्याची कमाई गिळेल इतका. थकलेल्या माणसानं विसावा घ्यावा, त्याला माझी काहीच हरकत नाही. ही गोष्ट विकत घ्यायची वस्तू झाली की ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात, एवढं मात्र खटकतं. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन या संशोधकांनी हे माइंडफुलनेस, म्हणजे सजग राहण्याचं ध्यान, इस्पितळात आणलं ते जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांसाठी. काही आठवड्यांचा साधा कार्यक्रम होता तो.

रत्नागिरीत थिबा राजवाडा बघायचा हट्ट माझा. लाल विटांची, उतरत्या छपरांची इमारत, आत संग्रहालय, मागे खाडीचं पाणी. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला कैद केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० चा. सहा वर्षांत राजा इथेच वारला. तो काही साधुपुरुष नव्हता, त्याच्या राज्यारोहणानंतर घराण्यातल्या कितीजणांची कत्तल झाली होती. तरी इतक्या दूरच्या किनाऱ्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल वाईट वाटतंच.

मला या जागेचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी. राजा गेला म्हणजे बौद्ध धर्माचा आश्रयदाता गेला. विहारांना पोसणार कोण, धर्म टिकणार कसा, अशी धास्ती ब्रह्मदेशात पसरली. तेव्हा लेडी सयाडो नावाच्या विद्वान भिक्षूनं गावोगाव फिरून साध्या माणसांना धर्म आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. तोवर ध्यान हे मुख्यतः भिक्षूंचं काम. सत्ता गेलेल्या देशात धर्म सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, घरच्या बाईच्या हाती दिली. त्यांच्या परंपरेत सया थेटजी हे शेतकरी शिक्षक झाले, त्यांचे शिष्य ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, आणि त्यांच्याकडे १९५५ मध्ये अर्धशिशीनं हैराण झालेले मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका आले. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं, १९९४ मध्ये तिहार तुरुंगात किरण बेदींच्या कारकिर्दीत हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. आणि त्या इगतपुरीहून माझी आत्या श्वासाकडे बघायला शिकून आली.

ज्या पराभवानं थिबा रत्नागिरीला आला, त्याच पराभवातून निघालेली गोष्ट फिरून कोकणातल्या एका शाळेच्या खोलीत पोचली. मी हे आत्याला राजवाड्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तिला यातलं बरंच नवीन होतं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे सुरुवातच मुळी देश बुडाल्याच्या दुःखातून झाली म्हणायची. मग हे फक्त आपल्यापुरतं कसं काय असेल?"

संध्याकाळी पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशानं १९३१ मध्ये उभं राहिलेलं, सर्व जातींना खुलं असलेलं मंदिर. आरती चालू होती, आत्या थांबली, मी बाहेर चपलांजवळ बसून सुकी करंदी कुणाला द्यायची याचा विचार करत होते, कारण पुडीचा वास आता सगळ्या गाडीत भरला होता.

मंगळवार, पावस

सकाळी रत्नागिरीच्या तुरुंगावरून गेलो. बाहेरूनच बघितला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये इथे कैदी होते. तुरुंगातलं संडास सफाईचं काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगाच्या नियमात ते बसेना. त्यांनी अन्न कमी केलं. येरवड्यात गांधीजींना कळलं तेव्हा डिसेंबरात त्यांनीही पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला आणि सरकार नमलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत, स्वच्छ संडास यांवर आयुष्य वेचलं. रविवारचा तो अर्धवट राहिलेला वाद, साफ कोण ठेवणार, माझ्या डोक्यातून गेला नव्हता. घाणीबद्दलची किळस ही आपल्या मनात फार आत बसवलेली आहे आणि जात त्या किळसेवर उभी आहे. अप्पासाहेबांनी ती किळस स्वतःच्या हातांनी धुतली. हे काम भाषणानं होत नाही.

भाट्याचा पूल ओलांडून पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात गर्दी नव्हती. लोक त्यांना नाथपंथी संत म्हणून जाणतात, श्वासाबरोबर चालणारी सोऽहम् साधना त्यांनी सांगितली. ते तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, गावात स्वावलंबनाश्रम काढला होता, येरवड्याचा तुरुंगवास भोगला होता, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. मोठ्या आजारातून उठल्यावर सुमारे चाळीस वर्षं, १९७४ पर्यंत, ते पावसलाच राहिले. चळवळ सोडून ते आत वळले, असं म्हणणारे आहेत. आत्याला तसं वाटत नाही, मला थोडं वाटतं. आम्ही सभामंडपात बसून त्यावर बराच वेळ वाद घातला, हळू आवाजात. तिचं म्हणणं, त्यांच्याकडे येणाऱ्या दुःखी माणसांना दिलेला वेळ हेही कामच. माझं म्हणणं, बंदरावरच्या बायकांना तेवढ्यानं पुरलं नसतं. एकमत झालं नाही. पण तिथे बसले असताना, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, मी श्वास मोजल्याविना, काहीही न करता, स्वस्थ होते, हे मला मान्य करायला हवं.

बाहेर येऊन आवळ्याचं सरबत घेत होतो तेव्हा आशाताईचा फोन. अर्ज लिहून झाला होता. तिनं तो मोठ्यानं वाचला. आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला रोज बंदरावर मासळी विकतो, इथपासून सुरुवात. पाण्याची सोय, आतून कडी, रात्री दिवा, कुलूप लागणार नाही याची हमी. कुलपाचा मुद्दा त्या म्हातारीनं घालायलाच लावला होता. साफसफाईबद्दल दोन ओळी होत्या, त्या दोनदा खोडून लिहिल्या आहेत असं आशाताई म्हणाली. खर्च पंचायतीनं करावा आणि देखरेख बायकांच्या समितीकडे असावी, कुणा एका वाडीवर ते काम टाकू नये. आतापर्यंत एकतीस सह्या आणि अंगठे झाले होते. ज्या रविवारी आल्या नव्हत्या त्यांच्याही.

आत्यानं फोन स्वतःकडे घेतला. "छान लिहिलायस गो. त्यात ओटीपोटाचं, लघवीच्या आजाराचं स्पष्ट लिही, लाजू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतलेल्यांचे कागद जोड. आणि दोन प्रती काढ. एक त्यांना द्यायची, दुसरीवर तारीख-शिक्क्यासकट पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही."